हाकेला ओ

१

उत्कर्षाचं लग्न फेब्रुवारीत सांगलीला झालं आणि होळीच्या आत ती जयपूरला आली. मानसरोवरमधल्या एका शांत गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर घर होतं. नवरा गंधार सरकारी विमा कंपनीत अधिकारी. साखरपुडा झाला आणि लगोलग त्याची बदली इकडे झाली, म्हणून दिवाळीपासून तो या घरात एकटाच राहत होता. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गल्लीकडे उघडणारी बाल्कनी. ऊन भरपूर, वारा भरपूर. नाव ठेवायला जागाच नव्हती.

नावाचीच काय ती अडचण होती. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नाव लिहायची पद्धत गंधारच्या घरी अजून पाळत. कागदोपत्री ती उत्कर्षाच राहणार होती, पण घरात ‘ज्ञानदा’. तिला ते फारसं पटलं नव्हतं. पण लग्नाच्या आठवड्यात गंधारनं स्वतः फोन करून विचारलं होतं. एरवी फोनवर हूं की चूं न करणारा माणूस, पण त्या दिवशी त्याचा आवाज उजळला होता. “मला फार आवडतं ते नाव. चालेल ना?” तिनं हो म्हटलं. एवढी काय मोठी गोष्ट!

पण अंगवळणी पडेना. गंधारच्या एकदोन हाका वाया जायच्या आणि मग तिच्या ध्यानात यायचं, ज्ञानदा म्हणजे आपणच की. मग ती धावत जायची, दोघं हसायची.

पहिल्या रविवारी गंधारनं तिच्यासाठी चहा केला. एक घोट घेऊन तिनं कप खाली ठेवला.

“आलं घातलंयस?”

“भरपूर. तुला लागतं तसं.”

“मला? अरे, मला आलं अजिबात चालत नाही. छातीत जळजळतं.”

गंधार हसायला लागला. “असं काय करतेस? तूच तर म्हणालीस, आल्याशिवाय चहा म्हणजे नुसतं गरम पाणी.”

“कधी म्हणाले?”

तो उत्तर द्यायला गेला आणि थांबला. काहीतरी आठवत असल्यासारखा त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. “फोनवर म्हणाली असशील,” तो म्हणाला आणि तिचा कप स्वतःच पिऊन टाकला.

२

गंधार तिला वाटला होता त्यापेक्षा फारच मोकळा निघाला. लग्नाआधी फोनवर तो तीन वाक्यांत संपायचा. इथं मात्र दाढी करताना, बूट घालताना, भाजी निवडताना सारखा बोलायचा, आणि तेही वर्षानुवर्षांचा संसार असल्यासारखं. उत्कर्षाला बरं वाटायचं. फक्त कधीकधी त्याचं बोलणं मधल्याच कुठल्यातरी वाक्यापासून सुरू व्हायचं. “मग मी परवा म्हटलं तसं करायचं ना पडद्यांचं?” पडद्यांचा विषय तिच्या कानावर कधीच आलेला नसायचा.

कानांच्या बाबतीत तिची चूक व्हायची शक्यता कमी होती. सांगलीला एका दवाखान्यात श्रवणतपासणीचं कामच ती करत होती. कानाला यंत्र लावायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की रुग्णानं बोट वर करायचं. तिथं ती एक गोष्ट शिकली होती. कान टवकारून बसलेला माणूस न सोडलेल्या आवाजालाही बोट वर करतो.

एका सकाळी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. गल्लीपलीकडच्या बाल्कनीत खंडेलवाल आंटी ऊन खात बसल्या होत्या. उत्कर्षानं हसून नमस्कार केला.

“आज तो मुँह दिखाया बहू ने!” आंटी म्हणाल्या. “नहीं तो हमेशा पीठ करके खड़ी रहती हो. कितनी बार आवाज दी मैंने.”

“मैं तो अभी आई हूँ, आंटी. पिछले महीने शादी हुई हमारी.”

“अच्छा?” आंटींचा चेहरा गोंधळला. मग त्या जरा जास्तच गोड हसल्या. “होगा बेटा, होगा. आजकल तो शादी से पहले भी… हमको क्या. सर्दियों से देख रही हूँ, तुम यहीं बाल सुखाती हो.”

उत्कर्षाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. मनात जे आलं ते कुठल्याही नव्या नवरीच्या मनात आलं असतं. इथं कुणीतरी राहत होती.

संध्याकाळी तिनं सरळ विचारलं. गंधारचा चेहरा उतरला, पण चोरी पकडल्यासारखा नाही, दुखावल्यासारखा. “आईची शपथ. या घरात तुझ्याशिवाय कुणी बाई आलेली नाही. आंटींना मोतीबिंदू आहे, अगं. खालच्या कुत्र्याला त्या बकरी म्हणतात.”

तिचा विश्वास बसला. तरी दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला गेल्यावर तिनं घर धुंडाळलं. गादीखाली, कपाटामागे, न्हाणीघराच्या जाळीत. एखादी पिन, एखादी टिकली, एखादा लांब केस. काही नव्हतं. आणि इतके महिने एकटा पुरुष राहिलेल्या घराला इतकी स्वच्छता शोभत नाही, असंही तिला वाटून गेलं.

३

पुढच्या रविवारी राजा पार्कला जेवायला जायचं होतं. तिथं वसंतराव आणि विभाकाकू राहत. वसंतराव गंधारचे वरिष्ठ, मूळचे मिरजेचे. उत्कर्षा आतल्या खोलीत साडी नेसत होती. निऱ्या हातात, पिना दातांत. न्हाणीघरातून गंधारनं हाक मारली.

“ज्ञानदा! टॉवेल राहिला गं!”

पिना तोंडातून काढेपर्यंत क्षण गेला. तेवढ्यात स्वयंपाकघरातून ओ आली.

“आले हं.”

उत्कर्षा जागच्या जागी थिजली.

आपला आवाज आपल्याला हाडांतून ऐकू येतो, जगाला ऐकू येतो तो वेगळाच असतो, हे ती रुग्णांना रोज समजावायची. रेकॉर्ड केलेला स्वतःचा आवाज ऐकला की माणसं म्हणूनच दचकतात. स्वयंपाकघरातून आलेला आवाज तसा होता. जगाला ऐकू येतो तो उत्कर्षाचा आवाज. शेवटच्या ‘हं’ला किंचित वर उचललेला, तिची आई ज्यावरून तिला चिडवायची, तसाच.

निऱ्या सुटल्या होत्या. साडी गोळा करून ती बाहेर आली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. ओट्यावर ऊन पडलं होतं. तिनं दाराआड पाहिलं, पिंपामागे पाहिलं, आणि आपण पिंपामागे माणूस शोधतोय याची तिला लाज वाटली.

गंधार डोकं पुसत बाहेर आला.

“टॉवेल कुठून घेतलास?”

“बाहेर कडीलाच होता की. तू अडकवलास ना?” त्यानं तिच्याकडे पाहिलं. “अजून साडी नाही झाली? मघाशी तर आवरून स्वयंपाकघरात होतीस.”

“तू पाहिलंस मला?”

“ओ दिलीस ना तिथून,” तो म्हणाला, आणि शीळ घालत शर्ट शोधायला गेला.

टॉवेल त्यानंच आधी अडकवला असेल. आवाज खालच्या मजल्यावरचा असेल. आपण इथं नवीन आहोत, झोप नीट होत नाही, आणि टवकारलेला कान काहीही ऐकतो. उत्कर्षानं या साऱ्या गोष्टी स्वतःला पटवल्या आणि पुन्हा निऱ्या घालायला घेतल्या.

४

विभाकाकूंनी पुरणपोळीचा घाट घातला होता. परमुलखात मराठी पोर आली म्हणून त्यांना कोण आनंद! पुरुषमंडळी बाहेर बोलत बसली तेव्हा त्या स्वयंपाकघरात तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “लग्नाआधीपासून ओळखते मी तुला, बरं का. गंधारच्या तोंडी सारखं तुझंच नाव असायचं. थंडीत जेवायला यायचा तेव्हा ज्ञानदा असं म्हणते, ज्ञानदाला तसं आवडत नाही. मी ह्यांना म्हणायची, किती बोलत असतील ही पोरं फोनवर!”

उत्कर्षानं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं.

थंडीत ती ज्ञानदा नव्हतीच. ते नाव तिला लग्नाच्या आठवड्यात कळलं होतं. आणि फोनवर ती दोघं कितीशी बोलत होती? जेवलास का, हो. ऑफिस कसं, बरं. ठेवू का, ठेव.

“काय म्हणायची मी?” तिनं हसत विचारायचा प्रयत्न केला.

“काही ना काही. हां, आल्याचा चहा करायला शिकवलास म्हणे त्याला.” विभाकाकू पोळीवर तूप सोडत होत्या. “भाग्यवान आहेस. लग्नाआधीच इतका जीव लावणारा नवरा मिळाला.”

परतताना स्कूटरवर ती गंधारला धरून बसली होती. विचारायचं तर त्याच्या तोंडावर विचारायला हवं होतं, असं पाठीमागून नाही. घरी पोचल्यावर विचारू. आणि घरी पोचल्यावर तिनं विचारलं नाही, कारण त्या खोल्यांमध्ये ते मोठ्यानं बोलायची तिला भीती वाटली.

५

त्यानंतर उत्कर्षा ओ द्यायला चुकेनाशी झाली. गंधारच्या हाकेतलं पहिलं अक्षर कानावर पडताच ती ओरडायची, “आले!” दूध उतू जावो की अंगाला साबण असो. कधीकधी त्यानं हाक मारायच्या आधीच, नुसता त्याचा श्वास भरल्याचा आवाज ऐकून ती ओ द्यायची. गंधार चकित व्हायचा. “हाक नाही मारली गं मी.” पण तिला वाटायचं, आपण जिंकलो. कोणाशी जिंकलो, हे ती मनातसुद्धा बोलत नव्हती.

एप्रिल लागला आणि ऊन भाजायला लागलं. दुपारी गल्लीत चिटपाखरू नसायचं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले, कूलरची घरघर. त्या घरघरीत शेजारच्या खोलीतल्या बांगड्या वाजल्यासारख्या वाटायच्या. तिचा लग्नातला हिरवा चुडा अजून हातात होता. ती दोन्ही हात मांडीवर अगदी स्थिर ठेवून बसायची आणि ऐकायची.

एका शनिवारी दुपारी ती भाजी घेऊन परतली. फाटकाशी गंधारची स्कूटर उभी दिसली. अर्ध्या दिवसानं सुटला होता तो. जिन्यात त्याची पावलं वाजत होती, तिच्या एक मजला वर. ती हाक मारणार तोच त्यानंच वरून नेहमीसारखी हाक घातली. “ज्ञानदा, दार उघड गं!”

“अरे, मी इथं—”

कडी वाजली. वर, त्यांच्याच दाराची.

उत्कर्षा जिन्याच्या वळणावर पोचली होती. तिथून तिला गंधारची पाठ दिसली, आणि दार आतून उघडताना दिसलं. दाराच्या कडेवर एक हात होता. गोरटेला, मनगट भरून हिरव्या बांगड्या. गंधार वाकून बूट काढत काहीतरी बोलत होता. मान वर न करताच तो आत गेला. दार अलगद लागलं.

भाजीची पिशवी तिच्या हातून सुटली. टोमॅटो पायऱ्यांवरून घरंगळत गेले. ती वर धावली आणि बेल दाबून धरली.

दार गंधारनं उघडलं. हातात पाण्याचा अर्धा प्यालेला पेला होता. तिला पाहून तो आधी हसला. मग त्यानं तिच्या पायांतल्या चपला पाहिल्या, तिचा घाम पाहिला, जिन्यातले टोमॅटो पाहिले. मग हातातल्या पेल्याकडे पाहिलं.

“हे पाणी…” तो म्हणाला.

६

ती दोघं कॉलनीच्या बागेत जाऊन बसली. घरात बसायची कुणाचीच छाती नव्हती. बाकावर ऊन होतं तरी गंधारच्या अंगावर काटा होता.

“घर खायला उठायचं,” तो म्हणाला. “आणि तुझ्याशी फोनवर बोलायचं तर माझी दातखीळ बसायची. म्हटलं, सराव करू. नाव मनात ठरलेलंच होतं. म्हणून रिकाम्या घरात हाका मारायचो. ज्ञानदा, आलो गं. ज्ञानदा, भाजीत मीठ बघ. वेडेपणा. पण बरं वाटायचं.”

“मग?”

“मग एक दिवस म्हटलं, ज्ञानदा, चहा टाकू का? आणि आतून आवाज आला, आलं घाल जरा.”

“तू घाबरला नाहीस?”

“घाबरलो असतो तर बरं झालं असतं.” तो मातीकडे बघत होता. “मला वाटलं, भास आहे. गोड भास. माझाच. तिला मी कधी पाहिली नाही. ती कायम पलीकडच्या खोलीत असायची. मी तिकडे गेलो की इकडे. मग लग्न झालं, तू आलीस, आणि आवाज हुबेहूब तुझा. मला वाटलं, चला, आता तीच तू.”

“मी ती नाही.”

“हो गं.”

“मी उत्कर्षा आहे. ते नाव माझं नाही, तू माझ्या आधीच ते कुणाला तरी देऊन बसलास. पुन्हा मला त्या नावानं हाक मारायची नाही. आणि त्या घरात मी आता पाऊल टाकणार नाही.”

गंधारनं मान हलवली. त्याच दिवशी ती दोघं विभाकाकूंकडे गेली. घरात पाणी गळतं असं काहीतरी सांगितलं. सामान आणायला गंधार हमालांना घेऊन एकटा गेला. तो परतला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. धूळ गेली, म्हणाला.

७

राजा पार्कच्या मागच्या गल्लीत त्यांना छोटंसं घर मिळालं. खाली मिठाईचं दुकान, दिवसभर गजबज. उत्कर्षाला ती गजबज हवीच होती. एका कानाच्या दवाखान्यात तिला काम मिळालं. चुडा उतरवून तिनं साध्या बांगड्या घातल्या. आणि घरात कुठूनही, कुठल्याही हाकेला, तिच्याशिवाय कुणी ओ दिली नाही.

फक्त गंधार पुन्हा गप्प झाला. पूर्वी फोनवर असायचा तसा. जेवलीस का. बरं. दवाखाना कसा. बरं. ‘उत्कर्षा’ म्हणताना तो दर वेळी जरासा अडखळायचा, परक्या बाईचं नाव नीट उच्चारायला बघावं तसा. वागायला वाईट नव्हता. भांडी घासायचा, पाय चेपून द्यायचा. पण कधी बसल्या बसल्या त्याचा चेहरा उजळायचा, काहीतरी सांगायला तो तोंड उघडायचा, मग समोर तिला बघून मिटायचा. उत्कर्षा म्हणायची, भीती आहे, जाईल हळूहळू. धीर धरायला हवा.

पावसाळ्याच्या तोंडावर दवाखान्यानं तिला एका आजोबांचं श्रवणयंत्र बसवायला घरी पाठवलं. पत्ता मानसरोवरचा होता. काम आटोपून ती भर दुपारी मेट्रोकडे निघाली. त्या गल्लीत वळायचं काही कारण नव्हतं. तिनं स्वतःला तसं सांगितलंही, आणि वळली.

फाटकाशी गंधारची स्कूटर होती.

तिनं नंबर पुन्हा वाचला. वर पाहिलं. ‘मकान किराये पर’ची पाटी कठड्याला लटकत होती, पण बाल्कनीचं दार उघडं होतं आणि आत कूलर चालू होता. गंधारच्या हसण्याचा आवाज आला. मनापासूनचं हसणं. तिनं ते किती दिवसांत ऐकलं नव्हतं.

राग आला म्हणूनच तिला बळ आलं. नाहीतर ती पळाली असती.

“गंधार!” ती खालून ओरडली. “गंधार, खाली ये!”

हसणं थांबलं. तो बाल्कनीत आला. अंगात घरातला बनियन, हातात कप. कठड्यावरून वाकून त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं, नम्रपणे, ओळख पटते का बघत.

“जी?” तो म्हणाला. “किससे मिलना है आपको?”

“गंधार, काय चाललंय? मी आहे. उत्कर्षा.”

त्याच्या कपाळावर आठी पडली. मराठी ऐकून तो जरासा सुखावलाही. मग मान मागे वळवून त्यानं आत विचारलं, “अगं, खाली कुणी उत्कर्षा म्हणून आल्यात. तुझ्या ओळखीच्या आहेत का?”

क्षणभर फक्त कूलरची घरघर होती.

“उत्कर्षा?” आतून आवाज आला. “थांब हं, बघते.”

उन्हात उभ्या उभ्या उत्कर्षाला त्या खोलीतली पावलं ऐकू आली. टाच जराशी घासत टाकलेली पावलं, तिची स्वतःची. ती पलीकडच्या खोलीत थांबली नाहीत. आतली खोली ओलांडून ती बाहेरच्या खोलीत आली, बाल्कनीच्या दाराशी आली, आणि गंधार त्यांना वाट द्यायला हसत बाजूला सरला.